आईचा मिक्सर नैरोबीला

लोडशेडिंगला शिव्या देऊ नका बुवा, आमचा कारखाना त्यानेच वाचवला. सत्तरच्या दशकात कलकत्त्यात, सियालदह स्टेशनजवळ बाबा विजेवरचे मिक्सर बनवायचे. खप इतका घसरला, की कारागिरांना घरी बसवायची वेळ आली होती. अशात नैरोबीचे एक गुजराती व्यापारी माल बघायला आले. बाबांनी बटण दाबलं आणि वीज गेली! बाबांचा चेहराच पडला.

व्यापारी हसले. "आमच्याकडेही हेच! बिनविजेचं काही आहे?"

घर मागेच होतं. बाबांनी धावत जाऊन आईसाठी बनवलेला, हाताने फिरवायचा मिक्सर आणला. व्यापाऱ्यांनी स्वतः दांडा फिरवून शेंगदाण्याचं कूट केलं.

"मला हाच माल हवा. नमुना आत्ताच नेतो."

संध्याकाळी बाबा म्हणाले, "अगं, तुझा मिक्सर आफ्रिकेला निघाला!"

आई म्हणाली, "जाऊ दे की. पण पहिला नवा मला, मग त्यांना."