चारची मुदत

बंदराच्या फाटकावर पासाच्या रांगेत उभ्या नर्सच्या पुढे एक आजीबाई आणि जहाजं दुरुस्त करणारा फिटर बोलत होते.

“त्या परदेशी लढाऊ जहाजावर माझा मुलगा नोकरीला आहे रे. तीन वर्षं झाली, तोंड दिसलं नाही.”

“आजी, आपला देश या लढाईत कुणाच्याच बाजूचा नाही. चोवीस तासांच्या वर त्यांना थारा देता येत नाही.”

“आणि निघालेच नाहीत तर?”

“तर जहाज अडकवून ठेवायचं, लढाई संपेपर्यंत. माणसांसकट.”

“माणसांसकट? इथं?”

“कायदाच आहे तसा. पण चारपर्यंत मुदत आहे. त्यांचा एक पंप मी बसवला की सुटतील बिचारे.”

“तू जेवलास का?”

“वेळ कुठला?”

“हा डबा घे. त्याच्यासाठीच केला होता. बस इथं, आणि सावकाश जेव, बाळा. अगदी सावकाश.”