जड नाव

नारिन गावच्या दवाखान्यात रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी आणि लेकीला मांडीवर घेतलेली तरुण आई बोलत होत्या.

"काय होतंय लेकराला?"

"ताप येतो, सांधे सुजतात, मग आपोआप उतरतं. बिश्केकलाही दाखवलं, आजी. कुणालाच काही सापडत नाही."

"नाव काय हिचं?"

"तुरसुन."

"म्हणजे 'जगात राहू दे'. बदललंस वाटतं?"

"आधीचं लेकराला जड झालं, म्हणून दुखणं येतं, असं सासूबाई म्हणाल्या."

"काय होतं आधीचं?"

"ते आता आम्ही तोंडातून काढत नाही. दुखण्याला ऐकू जातं."

"मग, पडला उतार?"

"पडला होता. परवा पुन्हा तापली."

नर्स केसपेपरवरचं नाव वाचत दारातून ओरडली, "आयसुलू कोण? आयसुलू?"

"आई, आयसुलू मीच ना?"

"नाही गं. ती गेली. चल, ऊठ, आपल्याला बोलावतायत."