शेवटचं रीळ

कोथरूडच्या स्टॉपवर मी क्लासला जायच्या बसची वाट बघत होते. शेजारच्या आजोबांच्या मांडीवर पत्र्याचा एक गोल डबा होता. त्यांच्या पलीकडे बसलेल्या आजी त्या डब्याकडे सवतीकडे बघावं तशा बघत होत्या.

"आता हे काय आणलंत?"

"अगं, त्या चौसष्ट सालच्या सिनेमाचं सहावं रीळ! कोणाकडेच नाहीये हा सिनेमा."

"कसा असेल? तीन दिवसांत उतरला होता."

"म्हणून तर दुर्मीळ! चाललेले सिनेमे काय, कोणाकडेही असतात."

"झाला का मग पूर्ण?"

"शेवटचं रीळ राहिलं. अठरा वर्षं शोधतोय. नायिका शेवटी कोणाशी लग्न करते, हे आज जगात कोणालाच माहीत नाही, राधा!"

"मला माहितीये."

"तुला?"

"मांजरी गावच्या जत्रेत पाहिला होता की, तंबूत. आठ वर्षांची होते."

"आणि अठरा वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? सांगते ना. ती शेवटी..."

"थांब! एक शब्द नको. मग मी शोधू काय?"

"मग माळ्यावरचे डबे रविवारी घराबाहेर. मला माझी भांडी ठेवायचीयेत."

"अगं, ते डबे म्हणजे माझं आयुष्य आहे!"

"ती शेवटी त्या..."

"अर्धा माळा तुझा!"

"त्या कंपाउंडरच्या..."

"सगळा घे! सगळा!"

माझी बस आली. मी ती सोडली आणि आजींना खेटून बसले.

"आजी, मला सांगा ना. हळूच, कानात."

"सांगते की, बाळा. तुमच्या घरचा माळा केवढा आहे?"