प्रशासकाची परवानगी

अहो, निवृत्तीनंतर मी शिरगावकडच्या एका मच्छीमार संस्थेत कागदपत्रं बघायला जातो. परवा डिझेलची यादी दुपारपर्यंत पंपावर पोचली नसती, तर बोटी किनाऱ्यावरच राहिल्या असत्या, आणि प्रिंटर ढिम्म. मी यादीच्या प्रोग्रॅममधलंच दुरुस्तीचं बटण दाबलं. पडद्यावर आलं, "छपाई पुन्हा सुरू करण्याची कमांड चालवायला प्रशासकाची परवानगी हवी."

नवे अध्यक्ष ताडकन उठले. "मंडळ बरखास्त? आमच्यावर प्रशासक बसवला? तक्रार कोनी केली? खरं सांगा भाऊ, तुमी तर नाय?"

"मशीनचा प्रशासक हो. पासवर्ड मागतंय."

"निवडून आलो आमी, आन् परवानगी दुसऱ्याची? यात कायतरी हाय."

मशीन बसवणाऱ्या बोईसरच्या मेकॅनिकला मी फोन लावला. तो म्हणाला, "निवडणूक हरल्यावर जुन्या अध्यक्षांनी पासवर्ड बदलून घेतलाय. 'माजी अध्यक्ष' असं टाका."

यादी निघाली, बोटीही गेल्या. पण पासवर्ड मलाच टाकावा लागला. अध्यक्षांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "तुमीच टाका, भाऊ. आमच्या हातानं नको. त्या मशीनला खरं वाटायचं."