तुमचं ते 'आजच देणार' गाणं

नाही, नाही, चपला राहू द्या पायात. आत जायचं की नाही ते आधी ठरू द्या, मग काढा. तुम्ही आलात ते तिला कळलंय — फाटक वाजलं तेव्हाच मान वळवली म्हातारीने, आता देवदूत यायचा असल्यासारखी दाराकडे डोळे लावून पडली असेल. पडू दे. तुम्ही इथे स्वयंपाकघरात बसा, त्या स्टुलावर, आणि गिटार पिशवीतच राहू द्या. चहा? चहा मी विचारलेला नाही, ब्रदर. मागच्या वेळी विचारला होता, तुमच्याबरोबर आलेल्या सगळ्यांना दिला होता, आणि तो पिऊन तुम्ही माझ्या सासूच्या खाटेभोवती उभं राहून जे गायलात ना — त्याचंच बोलायचंय.

कुठलं गाणं म्हणून काय विचारता? तुमचंच. तुम्ही रचलेलं, चर्चचे पाळकसाहेब कौतुकाने सांगत होते. 'आजच देणार, तू आजच देणार, माझं आहे ते आजच देणार — विश्वासाचे पाय कधी लुळे ना पडणार.' बरोबर म्हटलं? चुकायचं कारणच नाही, दिवसभर वाजतं घरात, चांगल्या हाताने ती मोबाइल चाचपते आणि पुन्हा तेच लावते. मी चौथी पास बाई, मला गाण्यातलं काय कळतं — असं म्हणणार असाल तर म्हणा, बाकीच्यांनी म्हणून झालंय. पण देवाला असं दरडावायचं? 'दे, आजच दे, माझं आहे ते दे' — नवऱ्याला मी काय काय बोलते ते अख्खी गल्ली ऐकते, पण असं त्यालासुद्धा कधी बोलले नाही. आणि 'आजच' म्हणजे कधी हो? सोमवारी गायलं तरी आजच, शनिवारी गायलं तरी आजच. दुकानात पाटी असते ना, आज रोख उद्या उधार — तिचाच भाऊ हा तुमचा आजच. पाटी रोज खरी, आणि गिऱ्हाईक रोज रिकाम्या हाताने परत.

हसू नका. हसण्यासारखं नाही सांगत.

रविवारी तुमची बाकीची पण ऐकते मी, मागच्या बाकावर बसून. मी जिंकलो, मी उडालो, मी चमकलो — सगळा मीच, देव कुठे आहे शोधावं लागतं, लग्नाच्या फोटोत नवरदेवाचा मामा कुठे उभाय ते शोधावं तसं. नाहीतर मग मिठी आणि श्वास आणि धडधड — माझी धाकटी जाऊ कानाशी लागून म्हणाली, वहिनी, हे देवाला म्हणायचं का जिममधल्या पोराला? आणि रडायचं एक गाणं नाही तुमच्याकडे. खरंच विचारते, मेलेल्या माणसाच्या घरी गेलात तर काय गाता तुम्ही? 'आजच देणार'? परत देणार का माणूस?

पण गाणं वाईट आहे एवढ्यासाठी मी तुम्हाला अडवलं नसतं. वाईट गाण्याने कुणी मरत नाही असं मला वाटायचं. आता नाही वाटत. हे बघा. हे, माझ्या हातात. काय आहे? गोळ्या आहेत, रक्तदाबाच्या, अर्ध्या विरघळलेल्या. उशीच्या अभ्र्यात सापडल्या आज सकाळी. गालात धरते, मी पाठ वळवली की थुंकते आणि अभ्र्यात सारते. का? तर गोळी घेणं म्हणजे विश्वास नसणं. कुणी सांगितलं? तुम्ही नाही सांगितलंत, मला माहीत आहे, तुम्ही तसे हुशार. तुमच्या गाण्याने सांगितलं. विश्वासाचे पाय लुळे पडत नाहीत, माझे पडलेत, म्हणजे माझा विश्वास कमी — हे गणित करायला तिला चौथीसुद्धा लागली नाही. डॉक्टर म्हणाला, पुन्हा अर्धांगाचा झटका आला तर हातात काही राहणार नाही. तरी थुंकते.

आणि नुसतं तेवढंच नाही. पाय का उठत नाहीत? काहीतरी पाप आडवं आलंय. मग शोधा पाप! शेजारणीला बोलावलं, जिच्याशी गटाराच्या पाण्यावरून भांडली होती तिला — तिचे हात धरून माफी मागितली. शेजारीण बिचारी घाबरली, म्हणाली, मावशी, मरायच्या आधी मागतात तशी काय मागताय? माफी मागून झाली की चादर बाजूला सारायची आणि पायाकडे बघायचं. अंगठा हलला? नाही हलला. मग दुसरं कोण? नणंदेला फोन, दागिन्यांवरून बोलली होती ते माफ कर म्हणून. चादर बाजूला. बघितलं. नाही. असं करत करत सगळे संपले आणि मी उरले.

मी काय — मी तर घरातलीच ना, माझी आठवण शेवटीच यायची. मी टाचेखालची चुंबळ बदलत होते तिच्या, कापसाची, टाच सडू नये म्हणून घालते ती. आणि वरून म्हणते कशी, 'तुझं पहिलं गेलं तेव्हा तुला बोलले ते माफ कर.'

सांगते. तुम्ही तेव्हा शाळेत असाल. माझी पहिली मुलगी आठव्या महिन्यात गेली — पोटातच. आणि दफन करून आलो तेव्हा ही म्हातारी, तेव्हा म्हातारी नव्हती, चांगली धडधाकट, सगळ्या मंडळीसमोर दारात उभी राहून म्हणाली, 'देव उगाच नाही नेत. आईचा विश्वासच पातळ असेल तर लेकरू कुठून टिकणार.' काय? ओळखीचं वाटतंय? वाटणारच. तुमच्या आधीपासूनचं आहे हे कुजकं, ब्रदर, तुम्ही फक्त त्याला ठेका लावलात. आता ते तिच्यावरच उलटलं तर मला बरं वाटायला हवं होतं, नाही का? जसं पेरलं तसं उगवलं. — नाही वाटलं. कसं वाटेल, खाटेवर हाडं नुसती.

वीसेक वर्षं मी त्या माफीची वाट बघत होते. खोटं का बोलू. भांडी घासताना मनात तिच्या तोंडून वदवून घ्यायची, तिने कसं म्हणायचं, मी कसं गप्प बसायचं, मग कसं म्हणायचं की जाऊ द्या आई. आणि आली माफी. आली, आणि मी 'जाऊ द्या आई' म्हणायच्या आत तिने चादर बाजूला सारली — आणि पायाकडे बघितलं.

पायाकडे बघितलं हो! माझ्याकडे नाही.

आणि पाय हलला नाही म्हटल्यावर काय म्हणाली असेल? 'तू मनापासून केलं नाहीस माफ. तुझ्यामुळे अडलंय.' घ्या. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. आता ह्या घरात ती उठत नाही त्याला कारण मी. कूस मी बदलते, पाठीला स्पिरिट मी चोळते, खालची चादर मी धुते — आणि तिला खाटेला बांधून ठेवलीय कुणी, तर मी. तुमच्या गाण्यात कुणाचा तरी दोष निघावाच लागतो, त्याशिवाय ते पूर्णच होत नाही.

म्हणून तुम्हाला बोलावलं. मी बोलावलं, तिने नाही. गायला नाही बोलावलं. तुम्ही आत जायचं, खाटेपाशी बसायचं आणि साध्या शब्दांत सांगायचं — आई, मी ते चुकीचं लिहिलं. तुमचे पाय पापाने नाही गेलेत, मेंदूत रक्ताची गाठ झाली म्हणून गेलेत. प्रभूने स्वतः, क्रुसावर जायच्या आदल्या रात्री, बागेत गुडघे टेकून मागितलं होतं की हे माझ्यावरून टळू दे — टळलं का? त्याचा विश्वास कमी पडला म्हणायचा? एवढं सांगा आणि गोळी हातात द्या. माझं नाही ऐकत, तुमचं ऐकेल. तुमचं प्रत्येक अक्षर ती—

काय? 'विश्वास कमकुवत होईल' म्हणजे? कुणाचा, तिचा की तुमच्या मंडळीचा? 'काव्य आहे' — बरं, काव्य आहे. मग आत जाऊन तेवढं तरी सांगा की आई, ते नुसतं काव्य आहे. तेही नाही? का, परवाच्या मोठ्या सभेत तेच गायचंय म्हणून?

काय विचारलंत?

पुन्हा विचारा. नाही, विचारा पुन्हा, मला नीट ऐकायचंय. — मी तिला माफ केलंय का.

नाही केलं. झालं समाधान? तिला 'केलं' म्हणून सांगितलं आणि नाही केलं. तिची लघवी उपसताना नाही केलं, घास भरवताना नाही केलं, आणि घास काही चुकवला नाही कधी. तुमच्यासारखं आधी मन स्वच्छ करून मग हात घालायचा म्हटलं असतं तर म्हातारी केव्हाच कुजली असती. आणि ह्या गोळ्यांच्या मागे का लागलेय मी, ठाऊक आहे? प्रेमाने? मला ती जिवंत हवीय. जिवंत हवीय, कारण अजून एकदा मागायचीय तिने. पायाकडे न बघता. माझ्या तोंडाकडे बघून. तशीच गेली तर मी कुणाकडून—

जाऊ द्या. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं.

ऐकलंत? हाक मारतेय. तुम्हाला वाटलं तुम्हाला? 'अगं ए' म्हणते ना, ती मी. बसा, बसा, उठू नका — नाही, उठाच. उठा. मीच सांगते तिला. तुमच्यात नाही ते. सांगते की आई, मी माफ केलेलं नाही, आणि तरी तुमचे पाय माझ्यामुळे अडलेले नाहीत. आता ही गोळी गिळा, तोंड उघडा, आणि जीभ वर करून दाखवा. शिव्या देईल. देऊ दे. शिव्या देताना निदान माझ्याकडे बघेल.

हे काय करताय? प्रार्थना करून निघता? नको. डोळे उघडा, ब्रदर. उघडा आणि निघा. मला आत जायचंय.