सरकारी मापाचे दात

मास्टर : आधी माप सांगा, मगच तोंड उघडेन. लहान, मध्यम की मोठं?

डॉक्टर : कसलं माप, काका?

मास्टर : दातांचं. सरकार देतंय म्हणजे तीन मापांतच आले असणार. जन्मभर शाळेचे गणवेश शिवलेत मी, सरकारी कंत्राटाचे. सगळी पोरं तीन मापांत कोंबायची. कुणाची बाही लोंबायची, कुणाचं बटण लागायचं नाही.

बायको : अहो, मग मागच्या खेपेला तोंडात तो लगदा भरून ठसा घेतला तो कशाला? गंमत म्हणून?

मास्टर : मापं आम्हीही घ्यायचो प्रत्येक पोराची. शिवायचो तीनच.

बायको : आणि आतून भरपूर माया सोडायचात, ते का नाही सांगत? पोरं वाढली की उसवून मोठं करता यावं म्हणून. कंत्राटात कुठे होतं ते?

डॉक्टर : माझ्या आईने माझा गणवेश तसाच उसवून दोन वर्षं चालवला होता. कुणी शिवला होता कोण जाणे. हे बघा काका, हा तुमच्या हिरड्यांचा साचा, आणि त्यावर हे दात. अजून पक्के नाहीत, मेणात टेकवलेत नुसते. घालून बघायचं, टोचलं तर हलवायचं.

मास्टर : म्हणजे कच्चा दोरा घातलाय.

डॉक्टर : तेच. आज ट्रायल.

मास्टर : फुकटच्या कामाला ट्रायल?

डॉक्टर : फुकट तुम्हाला. माझे पैसे सरकार भरतं. मग काम अर्धवट का करू?

बायको : ऐका जरा. योजनेचं कार्ड काढून देणाऱ्या त्या बाई तीनदा आमचे जिने चढून आल्या हो, डॉक्टर. एकदा मशीन बंद. एकदा यांचं बोटच उमटेना, सुईने पार गुळगुळीत झालंय. तिसऱ्यांदा डोळा टिपणारं मशीन काखोटीला मारून आल्या. दुसरी असती तर नाद सोडला असता.

मास्टर : बाई चिकाटीची होती, नाही म्हणत नाही.

डॉक्टर : योजना सुरू झाली तेव्हा इथे कुणी फिरकत नव्हतं. शिकाऊ पोरं हात साफ करून घेतील, असं वाटायचं लोकांना. आता बाहेर बाकावर जागा नसते.

बायको : यांनाही ओढूनच आणलंय. दात गेल्यापासून माझ्यासमोर जेवत नाहीत हे. मी उठले की बसतात, तेही भिंतीकडे तोंड करून. मला दातांचं काही नाही हो. मला एकटीने जेवायचा कंटाळा आलाय.

मास्टर : अगं, इथे कशाला ते?

बायको : घरी बोलले की उठून जाता. इथे खुर्चीत अडकलाय.

डॉक्टर : उघडा, काका. हं, मिटा आता. सावकाश. साठपासून पुढे आकडे म्हणा.

मास्टर : साठ, एकसष्ट, बासष्ट... शिट्टी वाजतेय.

डॉक्टर : ऐकली मी. पुढचे जरा जास्तच पुढे आलेत. द्या इकडे, मेण गरम करून आत घेते. हं, आता म्हणा.

मास्टर : पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट. गेली की. एवढ्याशा फरकासाठी परत उसवलंत?

डॉक्टर : आजच उसवायचं. पक्कं झाल्यावर तुम्ही ते डबीत घालून ठेवाल.

मास्टर : हात चांगलाय तुमचा.

बायको : ऐकलंत ना, डॉक्टर? माझ्या हाताला असं कधी म्हणाले नाहीत.

डॉक्टर : हा घ्या आरसा.

मास्टर : मला नको. दुकानात एवढे आरसे होते, मी कायम गिऱ्हाइकाच्या मागे. हिला विचारा.

बायको : छान आहेत. फक्त...

डॉक्टर : बोला, आजच बोलायचं.

बायको : यांचा वरचा एक दात जरा तिरका होता. हसले की तोच आधी दिसायचा. हे फारच सरळ आहेत, कुणा दुसऱ्याचे वाटतात. पण राहू दे, एवढं केलंत तुम्ही.

डॉक्टर : द्या इकडे. कुठला, डावा?

मास्टर : उजवा. हिला बरा आठवतोय.

डॉक्टर : एवढा?

बायको : नाही, इतका नको. थोडा परत. बस, तेवढाच.

मास्टर : सरकारला चालेल का वाकडा दात?

डॉक्टर : दात द्या म्हटलंय सरकारने. सरळच द्या, असं कुठे म्हटलेलं नाही. घाला परत. आता तोंडावरचा हात काढा, काका.

(मास्टर हात खाली घेतो आणि बायकोकडे वळतो.)

मास्टर : हं. बघ.

बायको : हेच. हेच होते.

डॉक्टर : आता परत द्या. पक्के झाले की पुढच्या गुरुवारी घरी न्यायचे. सुरुवातीला यांना मऊच द्या हं, काकू.

बायको : दोघांनाही मऊच करेन. ताटं एकदमच वाढायची आहेत.