बाबांना पाठुंगळी आणताना

हॅलो?… आई?… अगं आई, काय केलंस हे! आत्ताच करायचा होता फोन?… हात सुटले ना माझे!

हो, पाठीमागचे हात… मग काय, फोन दातांनी घेऊ?… थडग्यापासून इथपर्यंत घट्ट गुंफून धरले होते गं. सबंध भूशिराची पायवाट, एका बाजूला कडा, तोंडावर कोळिष्टकं… पण सोडले नाहीत. आणि इथे धक्क्यावर पाय ठेवते न ठेवते, तर तुझी रिंग!

वर कुठली रेंज? रेंज येते ती या धक्क्यावरच…

ओरडू नकोस, आई. पाठ आहे मला सगळं. ओबोनच्या सणाला पितरांना पाठुंगळीच घरी आणायचं. वाटेत हात सोडायचे नाहीत. होडीत पुढच्या जागेवर बसवलं की मगच सोडायचे… हो… हो… होडी समोर दिसत होती गं. चार पावलांवर!

काय?… बाबा परत वर, थडग्याकडे गेले असतील?… कशाला जातील?… 'निमित्तच शोधत होते'?… आई, असं काय बोलतेस!

हो, ठाऊक आहे. ओसाकाच्या घराला खुराडं म्हणायचे. नवव्या मजल्यावरचं खुराडं… अगं ऐक ना… ऐक तरी! बेट सोडायचं काय तू एकटीने ठरवलंस? बोट बंद झाली, दवाखाना बंद झाला, शेजारपाजार गेला. राहणार कुणाच्या जिवावर?… तुझ्याशी शेवटपर्यंत धड बोलले नाहीत, खरं आहे. पण आधी तरी कुठे बोलायचे ते? माशांशी जास्त बोलायचे.

रडू नकोस गं… कळतंय मला. गेल्यानंतरचा पहिलाच ओबोन. घरी आले नाहीत, तर राग मनात ठेवून गेले असंच होईल… हेच ना?… येतील गं. येतील. मी आलेय ना न्यायला.

दादाला म्हणावं, तो जाळ तेवढा तयार ठेव. मातीच्या ताटलीत, गॅलरीत… कोण तक्रार करतंय? करू दे. तो जाळ दिसल्याशिवाय कुठलं घर आपलं ते बाबांना कळणार कसं? सगळ्या गॅलऱ्या सारख्या.

घर?… हो, काल संध्याकाळी गेले होते. दार सताड उघडं. अंजिराचं झाड घरात शिरलंय, आई. खिडकीतून एक फांदी आत आलीय, थेट तुझ्या चुलीवर… नाही, तोडली नाही. अंजिरं लागलीत. एक बाबांच्या थडग्यावर ठेवलं, एक मी खाल्लं… गोड? काय सांगू तुला! तिथेच पायरीवर बसून राहिले. कुठेतरी भांडी घासल्याचा आवाज आला. मी म्हटलं, आलेच हं!… मग आठवलं, इथे कुणीच नाही… पाणीच होतं ते. खडकाच्या फटीत खळखळत होतं.

नाही, भीती कसली?… समुद्रात? छे! काल इतका शांत होता, की वल्ह्यावरून ठिबकणारे थेंब ऐकू येत होते. खाली जेलीफिश… कितीतरी… उघडतात, मिटतात, उघडतात, मिटतात. मी वल्हं मारायचंच विसरले. समोरची बेटं पाण्यात नाहीत, हवेतच कुणीतरी ठेवलीत असं दिसत होतं. वाटलं, मीच मेलेय की काय, आणि मलाच कुणी न्यायला यायचंय… बरं बरं! नाही बोलत असलं अभद्र.

हो, माहितीये, ओबोनच्या दिवसांत समुद्रात जायचं नसतं, पितर ओढून नेतात… म्हणून तर कोळ्यांच्या सगळ्या होड्या बंद आहेत. मग बाबांना आणू कशाने?… कयाकला म्हणायचेच ते! 'ही काय होडी? शेंगेचं टरफल!' आता बसा म्हणावं टरफलात.

दोघांची कयाक घेतलीय मुद्दाम… अगं तीच तर गंमत! भाड्याने देणारी ती ओकानोबाई विचारते, दुसरं कोण? म्हटलं, वडील. म्हणते, पोहता येतं ना त्यांना? म्हटलं, जन्मभर मासेमारी केली त्यांनी… आत गेली बिचारी. एक लाइफ जॅकेट जास्तीचं आणून दिलं. पुढच्या जागेवर बांधून ठेवलंय… हसलीस ना? हस.

परत वर?… नाही गं आई, आता नाही जमणार. दुपार कलली की वारा उठतो, मग दोघांची होडी एकटीला नाही आवरत. आज इथे अडकले, तर तुझा जाळ विझून जाईल आणि आम्ही बसू इथेच… तेच म्हणतेय मी. आता ते इथे असतील तर असतील.

काय?… फोन?… बाबांना देऊ?… आई, मला कुठे दिसतायत ते!… अंदाजे? अंदाजे काय!… बरं. बरं, देते. धक्क्याच्या टोकाला दोर बांधायचा खुंटा आहे ना, त्याला टेकून बसायचे बघ… तिथेच ठेवते. थांब… हं, ठेवला. बोल. मी लांब जाते, नाही ऐकत.

…

आई? झालं?… अजून नाही? बरं, बोल, बोल.

…

हॅलो… किती गं बोललीस! सगळा संसार काढलास वाटतं… आवाज असा का तुझा?… माफी मागितलीस? तू?… मग?

बोलले?… तुझ्याशी?… काय म्हणाले?

'गप्पा पुरे म्हणावं तिला, वारा फिरतोय'?… चल! हे तुझ्या मनचं… आई, खरं सांग…

थांब… थांब हं जरा… आई, पाण्यावर सुरकुत्या आल्यात. आत्ता, या क्षणी. अगं खरंच फिरतोय गं!

आणि?… आणखी काय म्हणाले?… 'जेवायला काय केलंयस'?… एवढंच?… एवढंच विचारलं?

आई… अगं, मग तू रडतेस काय! काय सांगितलंस?… मिसोतली वांगी… मग झालं तर! ती सोडून कुठे जातायत ते?… हो… हो, मीही रडतेय. पुसते डोळे.

हो, जाळ पेटव. आम्ही येतोच… आई, ठेवते आता. वारा वाढतोय… हो… हो गं, जपून…

चला बाबा. बसा पुढे. आणि ते जॅकेट घालायचं, नाही म्हणायचं नाही… आई जेवायची थांबलीय.